उष्टा प्याला

क्षय झाला की सगळ्यांत आधी माणसाचा पेला वेगळा होतो. खोकला, ताप, उतरलेलं वजन हे सगळं त्याच्या मागून येतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी इतका घाबरलो नसतो, किंवा निदान योग्य गोष्टीला घाबरलो असतो. म्हणून, ज्याला परवाच हा रोग असल्याचं कळलं आहे अशा कुणासाठी मी हे लिहितो आहे. आता चांगल्या गोळ्या निघाल्या आहेत, आमच्यासारख्या महिनोन् महिने सुया टोचून घ्याव्या लागत नाहीत, असं ऐकतो. औषधाचं डॉक्टर सांगतील. मी पेल्याचं सांगतो.

डाग

तेव्हा मी शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून होतो. ट्रकमधून उतरलेल्या गाठी, पोती, पेट्या तपासून घ्यायच्या आणि ड्रायव्हरांशी हुज्जत घालायची, हे माझं काम. गोदामात धूळ इतकी, की तिथे न खोकणारा माणूसच नव्हता. त्यामुळे माझा खोकला मलाही वेगळा वाटला नाही. मग एक दिवस रुमालावर लाल दिसलं. हमाल म्हणाला, पान कधीपासून खायला लागले? मी पान खात नव्हतो.

डॉक्टरांनी एक्स-रेची प्लेट खिडकीकडे धरली. त्यांना घाई होती. वर डाव्या बाजूला डाग आहे, म्हणाले. मग विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

"बरं आहे," ते म्हणाले, आणि लिहायला लागले.

त्यांच्या मनात संसर्गाचा विचार होता, हे मला कळायला आठवडा लागला. तोवर ते दोन शब्द माझ्या कानात नुसते फिरत राहिले. वाडीच्या खोलीवर जाऊन मी गादी गुंडाळली, घरमालकाला खरं सांगून टाकलं, आणि त्याने माझ्यासमोरच खोलीला फिनेल मारायला घेतलं.

घरी कोणी का नव्हतं

घर होतं. शहरातच, इंदोऱ्याच्या वस्तीत होतं, आणि त्यात माझे बाबा एकटे राहत होते. आई मी मॅट्रिकला असताना गेली. बाबा गिरणीत कामाला होते.

आमचं मूळ सावनेरकडचं. बाबा पोरवयात तिथल्या एका चहाच्या हॉटेलाबाहेर उभे राहून चहा प्यायचे. आमच्या लोकांसाठी बाहेरच्या भिंतीवर एका खिळ्याला कप टांगलेला असायचा. तो आपणच काढायचा, त्यात वरून चहा ओतून घ्यायचा, प्यायचा, धुवायचा आणि पुन्हा टांगायचा. त्या कपाचा कान तुटलेला होता. गावात कुणाकडे लग्न झालं की मागच्या दाराने उष्टं मिळायचं ते वेगळंच. बाबांना ते आठवलं की अजूनही त्यांचा आवाज बारीक होतो.

छप्पन साली बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मी लहान होतो, त्यांच्या खांद्यावर होतो. आजूबाजूला माणसंच माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत. घरी आल्यावर त्यांनी देव्हारा उपसला आणि मला सोबत नेऊन नागनदीत देव सोडले. एक पितळी बाळकृष्ण मला हवा होता, तोही सोडायला लावला. त्या दिवसापासून आमच्या घरात दोन गोष्टी बंद झाल्या, देव आणि उष्टं. माझं नाव आजीने ठेवलेलं, ईश्वर. तेही बाबांना तेव्हापासून खुपायला लागलं. त्यांनी मला नुसतं बापू म्हणायला सुरुवात केली.

गोदामातल्या एका सोबत्याबरोबर मी चर्चला गेलो तो निव्वळ रविवार जात नव्हता म्हणून. त्या दिवशी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. लोक वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकून बसले, आणि पाळकसाहेबांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, एकच प्याला एकेकाच्या तोंडाला लावला. आधी एक निवृत्त हेडमास्तरीण, तिच्यानंतर चर्च झाडणारा म्हातारा, त्याच्यानंतर कुणी साहेब. सगळ्यांच्या शेवटी, प्याल्यात जे उरलं ते पाळकसाहेबांनी स्वतः पिऊन टाकलं आणि प्याला कोरडा केला. तशी रीतच आहे, सोबती म्हणाला. उरलेलं टाकायचं नसतं, पाळकाने प्यायचं. सगळ्या मंडळीचं उष्टं, आणि ते सगळ्यांत मोठा माणूस पितो. मी घरी येऊन जेवलो नाही.

प्याल्यासाठी गेलो आणि ज्याचा प्याला त्याच्यापाशी राहिलो, असं माझं झालं. वर्षभर मी येशूविषयी वाचलं, भांडलो, शेवटी बाप्तिस्मा घेतला. तिथेही नावावरून अडलं. ईश्वर नको, पौल घ्या, योहान घ्या. मी नाव बदललं नाही. एका देवामुळे बाप रागावलेला, दुसरीकडे नवे भाऊबंद नाराज, त्यात नावाने काय पाप केलं होतं?

बाबांनी आदळआपट केली नाही. ती केली असती तर बरं झालं असतं. ते चुलीपाशी बसून होते. म्हणाले, "आमी दीक्षा घेतली तं अख्खी वस्ती संग होती. तू एकटाच काहून गेला गा?" मग ते म्हणाले, "उष्टं सोडाले आमची जिंदगी गेली, बापू. आन तू लाइनीत बसून लोकाइचं उष्टं पेतं."

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. मी वाडीला खोली घेतली.

वॉर्ड

क्षयाचा वॉर्ड मोठ्या इमारतीपासून दूर, कडुनिंबांच्या पलीकडे होता. सकाळी सुई. ती कुल्ल्यावर एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे, आणि काही दिवसांनी दोन्हीकडे बसवेना. मग मूठभर गोळ्या, ज्यांनी तोंडाची चव गेली ती गेलीच. प्रत्येकाच्या कॉटखाली थुंकायला झाकणाचा डबा. सिस्टर केरळच्या होत्या. मराठी मोडकं बोलायच्या, पण सुई देण्याआधी तळहाताने ती जागा जरा चोळायच्या. वॉर्डात कुणी हात लावणारं असं त्या एकट्याच. अजून त्यांचा हात आठवतो.

दिवस कसाही जायचा. भेटीची वेळ जायची नाही. दुपारी चारची घंटा झाली की सगळे भांग पाडून, चादर सारखी करून बसायचे. मीही बसायचो. लोक यायचे, डबे उघडायचे, मुलं बाहेरच्या व्हरांड्यातून हात हलवायची. मी पुस्तक उघडून पान उलटत राहायचो, म्हणजे मला वाचायचं आहे म्हणून कुणी आलेलं नाही असं दिसेल.

पहिल्या रविवारी चर्चच्या मंडळीतले पाच-सहा जण आले, केळी घेऊन. दारातूनच प्रार्थना केली. दुसऱ्या रविवारी दोघं आले. त्यातले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, ईश्वरराव, मनात काही पाप राहिलंय का ते तपासून पाहा. मी तपासलं. दुसरं काही काम नव्हतंच. पाळकसाहेब मात्र अधूनमधून येत. पायथ्याशी उभे राहत, नाकाला रुमाल लावत, आणि रुमाल लावल्याबद्दल ओशाळत. माणूस खरंच चांगला होता. घरी तीन लहान मुलं होती.

शेजारच्या कॉटवर गणपत होता, सावनेरच्या कोळशाच्या खाणीतला. त्याची बायको बस बदलून यायची, आणि तो तिला उशीर झाला म्हणून रागवायचा. एकदा त्याने मला विचारलंच, "तुये लोक काहून नाही येत गा?"

मी म्हणालो, माझे लोक पुष्कळ आहेत. इंदोऱ्याला आहेत, चर्चमध्ये आहेत.

तो खोकत खोकत हसला. "मंग तं झालंच. दोन घरचा पाहुना उपाशी."

त्याने बायकोने आणलेल्या भाकरीतली अर्धी मोडून माझ्या ताटात टाकली. तो बरा होऊन आधी घरी गेला. त्याच्या जागी आलेला माणूस कुणाशीच बोलायचा नाही.

खरं सांगायचं तर तेव्हा मला प्रार्थना जमत नव्हती. मरणाची भीती होती, पण त्याहून मोठी भीती ही, की मी मेलो तर मला पुरणार कुठे आणि कोण? वस्तीतले येणार नाहीत, मंडळी दारात उभी राहील. रडू यायचं, आणि रडलं की खोकला यायचा, म्हणून रडायचीही चोरी. एकच गोष्ट आधार देऊन गेली. येशूने पकडलं जायच्या आधी आपल्या मित्रांना म्हटलं होतं, घटकाभर माझ्याजवळ बसा, आणि ते झोपी गेले. हे मी आधी वाचलं होतं तेव्हा मित्रांचा राग आला होता. वॉर्डात वाचलं तेव्हा राग आला नाही. भेटीच्या वेळेला एकटा पडलेला तो एकच माझ्या ओळखीचा होता.

मग एके दिवशी चारच्या घंटेनंतर बाबा आले. कुणी सांगितलं कोण जाणे. सायकलवरून आलेले, घाम पुसत कॉटपाशी उभे. वर्तमानपत्रात गुंडाळलेली उकडलेली अंडी त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.

"डाक्टर अंडे खा म्हनते म्हने," ते म्हणाले.

मी खाल्ली. ते बघत राहिले. घंटा होईपर्यंत आम्ही दोघं अंड्यांशिवाय कशाविषयीही बोललो नाही. त्यानंतर ते येत राहिले, आणि आमचं बोलणं अंड्यांपाशीच राहिलं.

खास तुमच्यासाठी

शेवटी थुंकी साफ आली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा साफ आली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा, पण तुमच्यापासून आता कुणाला धोका नाही. पेला-ताट वेगळं ठेवायची गरज नाही. ते वाक्य मी घोकत घरी आलो, म्हणजे वाडीलाच मिळालेल्या एका नव्या खोलीवर आलो. पाळकसाहेबांना ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

प्रभुभोजनाच्या रविवारी मी पांढरा शर्ट घातला. आजारपणात ज्या एका गोष्टीसाठी जगलो ती हीच होती म्हटलं तरी चालेल. कठड्यापाशी गुडघे टेकले. भाकर मिळाली. प्याला शेजारच्या माणसापर्यंत आला, आणि तिथून मागे फिरला. पाळकसाहेब मेजाकडे गेले आणि एक छोटा स्टीलचा पेला घेऊन आले. नवाकोरा होता, दुकानाची चिठ्ठी चिकटवलेली जागा अजून चिकट दिसत होती. त्यात त्यांनी थोडा द्राक्षारस आधीच ओतून ठेवला होता.

"खास तुमच्यासाठी आणलाय," ते हळूच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मला खूश केल्याचा आनंद होता.

त्यांचा काय दोष? ते तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. खिळ्याला टांगलेला कप त्यांनी कधी पाहिला नव्हता. मला मात्र त्या नव्या पेल्याचा कान तुटलेला दिसत होता, आणि त्याला तर कानच नव्हता. माझ्याने हात पुढे करवला नाही. मी उठलो, बाहेर आलो, आणि पाय नेतील तिकडे चालत सुटलो. पाय इंदोऱ्याला गेले.

खिळा

बाबा दारात बसले होते. काहून आला म्हणून विचारलं नाही. आत जाऊन चहा टाकला. घरात दोनच कप होते, एक त्यांचा आणि एक आईचा. आईचा त्यांनी मला दिला.

मी अर्धा प्यालो आणि सवयीने म्हणालो, मी माझा धुऊन बाजूला ठेवतो. मग एकदम सगळं बोललो. कठडा, प्याला मागे फिरला ते, नवा पेला, खास तुमच्यासाठी. बोलताना मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो. मला वाटलं ते म्हणतील, सांगितलं होतं ना तुले. ते तसं म्हणाले नाहीत.

"डाक्टर काय म्हनला?"

"साफ हाय म्हनते. कोनाले धोका नाही."

त्यांनी माझ्या हातातला कप घेतला. मी उरवलेला चहा ते सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. ज्या माणसाने छप्पन सालापासून कुणाच्या ताटातला घास घेतला नव्हता, आईच्यासुद्धा नाही, त्याने माझं उष्टं प्यायलं. कप खाली ठेवून म्हणाले, "तो खिळा म्या पाह्यला हाय. माया घरात खिळा नाही."

मी रडलो. या वेळी खोकला आला नाही.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "सोड तं मंग ते. घरी ये वापस. वाडीले काय हाय?"

किती सोपं होतं. ज्या एका कपासाठी मी घर सोडलं तो घरातच होता. हो म्हटलं असतं तर त्या दिवसापासून माझं एकटेपण संपलं असतं, बाबांचंही. त्या प्रश्नाने मला कितीतरी दिवस झोप लागली नाही. चर्चमध्ये मला ओढणारं माणूस एकही नव्हतं. पण येशू सोडवत नव्हता. ज्याने वॉर्डात माझ्याजवळ भेटीची वेळ काढली, त्याला बरं झाल्यावर ओळख द्यायची नाही, हे मला जमेना. त्याच्या राज्यात त्याच्या उजव्या-डाव्या हाताची जागा मागायला आलेल्या दोघा भावांना, त्याच्याच शिष्यांना, त्याने विचारलं होतं, मी पिणार आहे तो प्याला तुम्ही प्याल का? ते लगेच हो म्हणाले. बाप्तिस्म्याच्या दिवशी मीही मोठ्याने हो म्हणालो होतो. प्याल्यात दुःख असेल की मरण, हे त्या भावांनी विचारलं नव्हतं, मीही नाही.

मी पाळकसाहेबांकडे गेलो आणि त्यांना खिळ्याची गोष्ट सांगितली. ते खाली बघत ऐकत होते. मला माहीत नव्हतं हो, म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणालो, मला त्याच प्याल्यातून हवंय. लोकांना भीती असेल तर मी सगळ्यांच्या शेवटी घेईन. माझ्यानंतर कुणी नको.

त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. मग माझ्याही लक्षात आलं. माझ्यानंतर कुणी नाही असं होणारच नव्हतं. माझ्यानंतर ते होते.

"धाकटी अजून मांडीवर असते, ईश्वरराव," ते म्हणाले.

मी डॉक्टरांचं वाक्य पुन्हा म्हणालो नाही. त्यांना ते पाठ होतं. निघताना दारात त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, रविवारी या.

रविवार

मी सगळ्यांच्या शेवटी कठड्यापाशी गेलो. दोन्ही बाजूंची जागा रिकामी होती. पाळकसाहेबांनी प्याला आणला, तोच, मोठा, चांदीचा मुलामा गेलेला. माझ्या ओठाला लावला. मी प्यालो. त्यांनी प्याल्याचा काठ कापडाने पुसला. मग ते प्याला घेऊन मेजाकडे वळले.

मेज माझ्या समोरच होतं. मान वर केली असती तर सगळं दिसलं असतं. मी मान खाली घातली आणि डोळे मिटून घेतले. पुन्हा उघडले तेव्हा प्याला पालथा घालून त्यावर पांढरं कापड टाकलेलं होतं, आणि मंडळी शेवटचं गीत म्हणत होती. बाहेर पडताना माझ्याशेजारून कुणी चाललं नाही.

संध्याकाळी इंदोऱ्याला गेलो. बाबांना मी कुठून आलो ते कपड्यांवरून कळलं. त्यांनी चहा टाकला.

"पेला का मंग तुया पाळकानं तुयं उष्टं?"

"पाह्यलं नाही."

"पाह्यलं नाही?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "मंग गेलता कायले?"

"प्याले गेलतो, बाबा. पाहाले नाही."

त्यांनी आईच्या कपात चहा ओतला, आधी स्वतः एक घोट घेतला, आणि मग तो कप माझ्यापुढे सरकवला.